पुण्यात घर विकत न घेण्याचा आमचा निर्णय : आपले मत काय?

कर्वेनगरकर :

गेल्या महिन्यात आम्ही उभयतांनी घर विकत न घेण्याचा निर्णय घेतला. तो घरच्यांना कळवल्यापासून रोज कोणाला ना कोणाला त्याची कारणे सांगावी लागत आहेत, म्हणून ती येथे सविस्तर मांडतो. माझे वय ४१, पत्नीचे ३९, मुलगी सातवीत आहे. कर्वेनगरमध्ये सहा वर्षांपासून आम्ही भाड्याच्या टू बीएचकेमध्ये राहतो आणि सध्याचे भाडे २८,००० रुपये आहे. आमच्याच इमारतीतला, अगदी तसाच फ्लॅट १ कोटी १० लाखांना विक्रीला निघाला, तेव्हा सासऱ्यांनी आग्रह धरला आणि मी कागद-पेन घेऊन बसलो.

८० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६९,४०० रुपये होतो. पहिल्या हप्त्यातले जवळपास ५६,७०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. म्हणजे ज्या घराचे भाडे २८,००० आहे, त्याच घरात राहण्यासाठी मी बँकेला त्याच्या दुप्पट व्याज देणार. त्याशिवाय पदरचे ३० लाख, सात टक्के मुद्रांक शुल्काचे ७ लाख ७० हजार आणि नोंदणीचे ३०,००० रुपये द्यायचे. अठरा वर्षांच्या नोकरीत जमवलेली सगळी पुंजी एका दुपारी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात संपली असती.

मात्र आकडे हे आमचे मुख्य कारण नाही. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा पत्नीने आठ महिने बिनपगारी रजा घेतली आणि ती इस्लामपूरला राहिली. त्या काळात घर माझ्या एकट्याच्या पगारावर चालले, ओढाताण झाली, पण कोणापुढे हात पसरावा लागला नाही. सत्तर हजारांचा हप्ता मानगुटीवर असता, तर तिला आईजवळ राहता आले नसते, पंधरा दिवसांत परतावे लागले असते. सासूबाई आज काठी घेऊन अंगणात फिरतात आणि मला जे समाधान वाटते, ते त्या आठ महिन्यांशी जोडलेले आहे. चार भिंतींच्या मालकीतून ते मला मिळाले असते असे वाटत नाही. आपले मत वेगळे असेल, तर ते जरूर मांडावे.

लालबाग ते डोंबिवली :

तुमचा हिशेब चोख आहे, परंतु तो वीस वर्षांवर येऊन थांबतो आणि माणसाचे आयुष्य तेथे थांबत नाही. मी ६१ वर्षांची आहे. माझे वडील गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात वडिलांची गिरणी बंद पडली, ती पुन्हा उघडली नाही. तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आईने खानावळीचे डबे करून घर चालवले. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आमच्याकडे होती, म्हणूनच आम्ही मुंबईत टिकलो. आजूबाजूची किती कुटुंबे त्या दोन-तीन वर्षांत गावी परतली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डोक्यावरचे छप्पर पक्के असले, की माणूस अर्धपोटी राहूनही तग धरतो.

लग्नानंतर, १९९६ साली, आम्ही डोंबिवलीला घर घेतले. तेव्हा बँकेचा व्याजदर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता. काही रक्कम ह्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून काढली, काही पतपेढीतून उचलली आणि माझ्या चार बांगड्या मोडल्या. सात वर्षे आम्ही नवीन कपडे फक्त दिवाळीला घेतले. तो त्रास खरा होता, पण त्याला शेवट होता. हे खासगी कंपनीतून २०१९ साली निवृत्त झाले आणि पेन्शन म्हणाल तर नावापुरतीच आहे. आज आम्हाला भाडे भरायचे असते, तर काय झाले असते या विचारानेच मला धडकी भरते.

समाधानाबद्दलही सांगते. माझी उंची चार फूट दहा इंच आहे. भाड्याच्या घरांत मी वर्षानुवर्षे उंच ओट्यावर खांदे वर ओढून पोळ्या लाटल्या. डोंबिवलीच्या घरात गवंड्याला समोर उभे करून ओटा तीस इंचांवर बांधून घेतला. पहिल्या दिवशी त्यावर कणीक मळली तेव्हा मला रडू आले होते. हे भाड्याच्या घरात होत नाही.

हप्तेदार :

मी २०२१ साली घर घेतले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण बदलत्या व्याजदराचे कर्ज म्हणजे काय, हे घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्याबरोबर अशा कर्जांचे दरही वाढले. ४० लाखांच्या कर्जाचा ६.९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ३०,८०० रुपये येतो. दर ९.४ टक्के झाला, की त्याच ४० लाखांचे एका महिन्याचे व्याजच ३१,३०० होते. म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही. माझ्या बँकेने हप्ता थोडा वाढवला आणि मुदत इतकी लांबवली, की कर्ज माझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेले. ते पत्र हातात आले त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर बोनसची प्रत्येक रक्कम मी मुद्दलात भरत आलो आहे. अशा कर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर दंड नसतो, एवढे बरे आहे. घ्यायचेच असेल, तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, मिळालेले तयार घर घ्यावे. त्यावर जीएसटी लागत नाही आणि ताबा लांबल्यामुळे भाडे व हप्ता दोन्ही भरण्याची पाळी येत नाही.

ठाण्याची एकटी :

मूळ लेखकांना एक विनंती आहे. आपल्याला सहा वर्षे एकाच घरात सुखाने राहता आले, त्याचे एक कारण आपण कुटुंबवत्सल गृहस्थ आहात हेही आहे. मी ३६ वर्षांची, अविवाहित, नोकरी करणारी स्त्री आहे. दर अकरा महिन्यांनी नवे घर शोधताना दलाल पहिला प्रश्न विचारतो, "मॅडम, सोबत कोण राहणार?" पाच वर्षांत मी चार घरे बदलली. एका ठिकाणी तर घरमालकांनी माझ्याकडे येणाऱ्या भावाचे आधार कार्ड मागितले होते. प्रत्येक वेळी एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली, टेम्पो, गॅसच्या जोडणीचा पत्ता बदलणे आणि पुन्हा पोलीस पडताळणी, हे सगळे आलेच. शेवटी बदलापूरला ३८० चौरस फुटांचे वन बीएचके घेतले. रोजचे येण्याजाण्याचे अडीच तास वाढले आणि हिशेबाने पाहिले तर हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. तरीही रात्री दहा वाजता घरी परतताना कोणी खिडकीतून पाहते आहे का, याचा विचार आता करावा लागत नाही. त्या शांततेसाठी मी अडीच तास दिले आणि पुन्हा देईन.

सदाशिव पेठी :

दुसरी बाजूही कोणीतरी सांगायला हवी. माझ्या थोरल्या बंधूंनी आयुष्यभराची कमाई एका मोठ्या फ्लॅटमध्ये घातली. मुले परदेशी आहेत, घरात दोन माणसे राहतात. गेल्या वर्षी वहिनींच्या शस्त्रक्रियेसाठी सात लाख रोख उभे करायचे होते, तेव्हा दीड कोटींच्या घराचे मालक असूनही त्यांना आम्हा भावंडांकडे शब्द टाकावा लागला. अडचणीला घराची एक खोली विकता येत नाही. घर असावे, पण सगळे त्यातच नसावे.

कर्वेनगरकर :

सर्वांचे मनापासून आभार. ताई, लालबागच्या खोलीबद्दल आपण जे लिहिले, ते मी दोनदा वाचले आणि एक प्रश्न मनात आला. ती खोली मालकीची होती, की भाड्याची?

लालबाग ते डोंबिवली :

भाड्याची होती. आजोबांनी मालकाला एकरकमी पागडी देऊन घेतली होती. भाड्याच्या पावत्या आई शिधापत्रिकेसोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत असे आणि संपाच्या काळात इतर कशाचे पैसे थकले तरी ते भाडे तिने थकू दिले नाही.

कर्वेनगरकर :

मला नेमके हेच म्हणायचे आहे. ज्या छपराने आपल्याला तारले, ते मालकीचे नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले होते आणि नियमित भाडे भरणाऱ्याला सहजासहजी बाहेर काढता येत नव्हते. "ऊठ" म्हणण्याचा अधिकार कोणाकडे नसणे, ही खरी सुरक्षितता होती. त्या कायद्याने मालकांचे नुकसान झाले, इमारतींची डागडुजी थांबली, त्या टेकूवर उभ्या राहिल्या, हे मला मान्य आहे. पण म्हणून मालकी आणि स्थैर्य हे एकच, असे धरून चालायचे का?

लालबाग ते डोंबिवली :

आपला मुद्दा बिनतोड आहे आणि तरीही तो माझ्याच बाजूने जातो. ते संरक्षण तुम्हाला आज कोण देणार? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली तुम्ही जो लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना, करता, त्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. माझ्या आईच्या पावतीत जी ताकद होती, ती तुमच्या करारात नाही. सामान्य माणसाला ती आता मालकीतूनच मिळते. हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे.

आता तुमच्याच कागदावर पुढची ओळ लिहा. भाडे दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढले, तर विसाव्या वर्षी ते तुमच्या त्या हप्त्याच्या पुढे जाते. त्याच वर्षी घर घेणाऱ्याचा हप्ता संपतो, तुमचे भाडे मात्र चालूच राहते. तुम्ही ६५ वर्षांचे व्हाल, तेव्हा ते महिना ९०,००० च्या घरात असेल. आणि आज हप्ता व भाडे यांत जे ४१,००० वाचतात, ते सगळे खरोखर बाजूला पडतात का?

कर्वेनगरकर :

नाही, ताई. खरे सांगायचे तर त्यातले २५,००० नियमित गुंतवले जातात आणि उरलेले कुठे जातात ते महिनाअखेरीस मलाही सांगता येत नाही. आपण विचारलेली पुढची ओळ मी काल रात्री लिहिली. ती लिहिल्यावर एवढे ठरले, की १ कोटी १० लाखांचे हे घर आम्ही घेणार नाही, पण त्या १६,००० रुपयांचे वेगळे खाते उघडायचे आणि साठीच्या आत इस्लामपूरला किंवा साताऱ्याला कर्जाशिवाय एक लहान, तळमजल्यावरचे घर घ्यायचे. मुलीची दहावी होईपर्यंत येथून हलावे लागू नये, म्हणून घरमालकांना अकरा महिन्यांऐवजी ३६ महिन्यांच्या नोंदणीकृत कराराबद्दल विचारले आहे. त्यांनी वार्षिक सहा टक्के वाढ मागितली आहे, मी पाचवर अडून आहे.

आणखी एक गोष्ट आहे. आपला ओट्याचा मजकूर पत्नीने वाचला आणि ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. तिची उंची जवळपास आपल्याएवढीच आहे. आमच्या ओट्यापाशी सहा वर्षांपासून एक लाकडी पाट पडलेला असतो आणि पोळ्या करताना ती त्यावर उभी राहते, हे मी रोज पाहत आलो होतो. ओटा तीन-चार इंच खाली घ्यायला किती खर्च येईल, हे विचारायला रविवारी गवंड्याला बोलावले आहे. करारात ते कलमही घालावे, असे घरमालकांना आज सांगणार आहे.