गुरू सूर्याजवळ आला की आपल्याकडं पूर येतो काय? जाणकारांनी सांगा

शिवारातला_शाणा
नमस्कार मंडळी. माझं भाताचं शिवार येळ्ळूर रोडला, बळ्ळारी नाल्याच्या कडेला. नाला फुगला की आमचं काय होतंय ते बेळगावातल्यांना वेगळं सांगायला नको. आता रोहिणीचा पेरा तोंडावर आलाय आणि आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरूलाय. त्यातला गृहस्थ सांगतोय की गुरूला सूर्याभोवती फिरायला १२ वर्षं लागतात, सूर्यावरचे डाग ११ वर्षांनी वाढतात कमी होतात, म्हणजे गुरूच सूर्याला खेचतोय, आणि सूर्य बिघडला की पाऊस बिघडतोय. वर गुरू सध्या अतिचारी, म्हणजे नेहमीपेक्षा भराभर पुढं पळणारा झालाय, त्यामुळं यंदा खोलगट जमिनीत काही लावू नका म्हणे. घरात वडील म्हणूलेत खालचा तुकडा पडीक ठेवूया. मी बारावी सायन्स शिकलोय, एकदम उडवून लावायला पण जमेना, कारण २०१९ ला सूर्यावर डाग नव्हते म्हणतात आणि त्याच वर्षी आपल्याकडं कसला पूर आला ते बघितलंय की सगळ्यांनी. ह्यात तथ्य किती, कोणी नीट सांगेल काय?

निपाणीकर
अण्णा, व्हिडिओ बंद करा आणि पेरा. आमची आज्जी सांगायची, १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली, आठ ग्रह मकरेत एकत्र, तेव्हा जगबुडी होणार म्हणून गावोगाव यज्ञ, जप, कोण दागिने मोडून खाऊलंय, कोण देणी चुकवायचं थांबवून बसलंय. ५ तारीख उजाडली, दूधवाला नेहमीसारखा दारात 😄 देणी मात्र तशीच राहिली.

मास्तर_निवृत्त
निपाणीकर, हसण्यावारी नेऊ नका ओ, प्रश्न चांगला आहे. ग्रहांचा सूर्यावर परिणाम होतो का हा विचार ज्योतिषांनी नाही, खगोलवाल्यांनीच पहिल्यांदा केलाय. डागांचं चक्र जर्मनीतल्या श्वाबे नावाच्या हौशी माणसाला सापडलं, व्यवसायानं औषधवाला, वर्षानुवर्षं रोज दुर्बीण लावून डाग मोजत बसायचा. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५९ मध्ये, डागांचे आकडे मांडणाऱ्या वोल्फनं ग्रहांकडं बोट दाखवलं. तेव्हापासून हे भांडण चालू आहे, अजून मिटलं नाही.

आता गुरूचंच घ्या. त्याची फेरी ११.८६ वर्षांची, डागांचं चक्र सरासरी ११ चं, पण ते कधी ९ वर्षांत उरकतं कधी १४ ला जातं. जवळजवळ सारखे आकडे आहेत म्हणून जोडी लावायची असेल तर जरा वर्षं लिहून बघा. गुरू सूर्याच्या सगळ्यात जवळ आला १९६३ ला, आणि १९६४ ला सूर्य एकदम गप्प, डाग अगदी कमी. तोच गुरू २०२३ च्या जानेवारीत जवळ आला तर २०२४ ला सूर्य ऐन भरात. म्हणजे एकदा जवळ आल्यावर डाग तळाला, एकदा जवळ आल्यावर डागच डाग. दोन बैल एका जुवाला असते तर साठ वर्षांत एक पुढं आणि एक मागं झाला असता काय?

ताकदीचं बघितलं तर गुरू पृथ्वीच्या ३१८ पट जड, पण लांब. भरती उठवायची ताकद अंतराच्या घनानं कमी होते, त्यामुळं हलका असूनही जवळचा शुक्र जवळजवळ गुरूएवढीच भरती सूर्यावर उठवतो, आणि पृथ्वी व बुध त्याच्या निम्मी. ही भरती उठते किती, तर साधारण एक मिलिमीटर. सूर्याची त्रिज्या सहा लाख शहाण्णव हजार किलोमीटर आणि त्यावर एक मिलिमीटर! तांदळाच्या दाण्याची जाडीसुद्धा नाही भरत.

शिवारातला_शाणा
सर, पण मग लोक अजून ह्यावर अभ्यास का करूलेत? व्हिडिओत कुठल्यातरी जर्मन शास्त्रज्ञाचं नाव घेतलंय.

मास्तर_निवृत्त
ते फ्रँक स्टेफानी असणार, ड्रेस्डेनचे. त्यांचा मुद्दा एकटा गुरू नाही. शुक्र, पृथ्वी आणि गुरू हे तिघं साधारण एका रेषेत यायचं चक्र ११.०७ वर्षांचं आहे, आणि सूर्याच्या पोटातलं चुंबकत्व आपलं आपण झोका घेत असताना ही एवढीशी भरती त्याला फक्त ताल धरायला लावते असं ते म्हणतात. पाळणा हलवायला आईला जोर लागत नाही, वेळ साधावी लागते, तसं समजा. म्हणणं अगदीच वेडं नाही, पण अशी एक गोष्ट आधी पण झालीय. २०१२ ला एका गटानं बर्फातल्या बेरिलियमवरून आणि झाडांच्या खोडातल्या कार्बनवरून ९४०० वर्षांचा सूर्याचा हिशोब काढून त्यात ग्रहांचा ठसा आहे म्हटलं, आणि दुसऱ्याच वर्षी कॅमेरॉन आणि शुसलर या दोघांनी दाखवलं की गणिताची चाचणीच चुकलीय, ठसा बिसा काही नाही.

आणि ते अतिचारी प्रकरण. गुरू खरोखर कुठं पळत नाही सर्र करून. आपण फिरत्या पृथ्वीवरून बघतो म्हणून तो कधी भराभर पुढं, कधी वक्री दिसतो. रेल्वेतून शेजारची गाडी बघताना होतं तसं. सूर्याला ह्यातलं काहीच कळत नाही.

घाटाखालची_सून
मास्तरकाका, मी खानापूरची, आमच्याकडं पावसाला कोणाच्या गुरूची गरज लागत नाही, तो मुक्कामालाच असतो 😅 पण मला एक विचारायचंय. पंचांगात मृग, आर्द्रा, आणि त्याची वाहनं, बेडूक म्हैस हत्ती आलं की पाऊस आणि मेंढा आला की कोरडं, हे पण ग्रहांचंच ना? सासूबाई वाहन बघितल्याशिवाय तरवा टाकत नाहीत.

मास्तर_निवृत्त
नाही बाई, तिथं फरक आहे. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, म्हणजे वर्षातली एक ठरलेली तारीख, ७-८ जून. ते शेतकऱ्याचं कॅलेंडर आहे, आणि मान्सून आपल्याकडं त्याच सुमाराला येतो म्हणून उपयोगी पडलं. फक्त नक्षत्रांची तारीख हळूहळू सरकते, ७२ वर्षांत साधारण एक दिवस. वाहनाचं मात्र मला विचारू नका, आमच्या घरात त्यावरून दरवर्षी भांडण होतं.

पावसाची_वही
मी ह्या विषयावर जरा तापतो, आधीच सांगून ठेवतो. माझ्या वडिलांनी पावसाची वही ठेवली होती, आता मी ठेवतोय, राकसकोपचं धरण भरलं की तारीख लिहितो. शाणाभाऊ, २०१९ चं तुमचं बरोबर आहे, त्या डिसेंबरात सूर्याचं जुनं चक्र संपून २५ वं सुरू झालं, डाग नव्हतेच, आणि ऑगस्टात घटप्रभा, मलप्रभा, हिरण्यकेशी, मार्कंडेय सगळ्यांनी गावं धुतली. पण एक वर्ष उचललं की सिद्धांत होतोय काय? २००९ घ्या, सूर्य तेव्हापण गप्प होता, त्याच्या आधीच्या डिसेंबरात तळाला टेकलेला. देशात पाऊस सरासरीच्या ७८ टक्के, दुष्काळ. आणि त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता रायचूर, विजापूर, बागलकोटात महापूर. एकाच सूर्याखाली, एकाच वर्षात! उलट बाजूनं बघा, २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं सूर्य जोरात होता, २०२४ च्या मे महिन्यात तर असलं वादळ आलं की लडाखातल्या हानले गावात आकाश लाल दिसलं. २०२३ ला कर्नाटकात बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले, २०२४ ला देशात पाऊस सरासरीच्या वर आणि चिकोडी निपाणीकडचे पूल पाण्याखाली. डाग तेच, पाऊस उलटा.

हे का, तर सूर्याच्या चक्रात पृथ्वीवर येणारी ऊर्जा बदलते हजारात एक. चौरस मीटरला १३६१ वॉट येतात त्यात एखाद्या वॉटचा फरक. आपला पाऊस ठरतो समुद्रावर. २०२३ ला पॅसिफिकात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी तापलं की आपला पाऊस घटतो ते, उलट २०१९ ला हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली होती. ते बघायचं सोडून लोक आकाशात गुरू हुडकतात.

निपाणीकर
म्हणजे ग्रहांचा पृथ्वीवर काडीचा परिणाम नाही. मी पहिल्याच कॉमेंटला तेच म्हटलेलो.

मास्तर_निवृत्त
तसं पण नाही, आणि ही खरी गंमत आहे. थेट ओढ म्हणाल तर काहीच नाही, शुक्र अगदी जवळ आला तरी चंद्राच्या एकोणीस हजाराव्या भागाएवढी भरती, गुरूची तर साधारण दीड लाखाव्या भागाएवढी. पण गुरू आणि शुक्र मिळून पृथ्वीच्या वाटेचा आकार हळूहळू ताणतात आणि सोडतात, त्यातलं एक चक्र ४ लाख ५ हजार वर्षांचं आहे. त्याला जोडून पृथ्वीचा आस कलतो, डुलतो. मिलान्कोविच नावाच्या सर्बियन माणसानं ह्याचं गणित मांडलं आणि हिमयुगांच्या येण्याजाण्याला ते लागू पडलं. आपल्या मान्सूनला पण. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असायची, मान्सून आजच्यापेक्षा जोरात, सहारात गवत आणि तळी होती. आज आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो जानेवारीत, थंडीत स्वेटर घालून.

पावसाची_वही
बघा, म्हणजे गुरू पाऊस बदलतो, फक्त शाणाभाऊंच्या पुढच्या चारपाचशे पिढ्यांनी वाट बघायची.

शिवारातला_शाणा
😂 वडिलांना २००९ आणि २०२३-२४ चं वाचून दाखवलं. म्हणाले मास्तर हुशार आहेत, पण ह्या वर्षी नाल्यातली जलपर्णी कोणी काढली काय ते विचार त्यांना. त्याचं उत्तर इथं कोणाकडं नसणार. उद्या सकाळी जाऊन बघून येतो, नाला मोकळा असेल तर खालच्या तुकड्यात पण पेरतोय, नसेल तर गुरू कुठंही असू दे, पाणी आमच्याच शेतात येणार.

घाटाखालची_सून
फोटो टाका दादा नाल्याचा. आणि बियाणं थोडं घरात राखून ठेवा, दुबार पेरायची वेळ आली तर.