मदत हवी आहे: खरे बोलूनही उमेद कशी वाढवावी?

सर्वांना नमस्कार. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने स्थिर नोकरी सोडून पूर्णवेळ तंतुवाद्ये घडवायचे ठरवले आहे आणि माझे स्पष्ट मत मागितले आहे. तिच्या कसबाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र वाद्याचे लाकूड नीट वाळायलाच कित्येकदा वर्षे लागतात, आणि तोवर घरखर्च कसा भागवायचा याचा विचार तिने अद्याप केलेला दिसत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची प्रेरणा टिकण्यासाठी स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे नाते या तीन गरजा भागाव्या लागतात. सक्षमतेची जाणीव खोट्या कौतुकातून येत नाही, म्हणून नुसती वाहवा करणे मला तिची फसवणूक वाटते; तरीही निर्णय तिचाच आहे, हे माझ्या प्रत्येक वाक्यातून तिला जाणवले पाहिजे.

आपल्यापैकी कोणी अशी आडवाट निवडली असेल, तर कृपया सांगावे: पैशांविषयीची शंका कोणत्या शब्दांत मांडली असता ती विरोध न वाटता सोबत वाटते? आणि हे थेट बोलावे, की राजीनाम्यापूर्वी एखादे वाद्य विकून पाहा, असे आधी सुचवावे?