एकच संकट, मग केंद्राकडे पैसे आणि राज्याकडे खडखडाट असं का?

भीमथडी:
कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, २०२० च्या मे महिन्यात केंद्राने २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि त्याच महिन्यात आपल्या महाराष्ट्राने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली, नवीन भरतीपण थांबवली. तेव्हापासून हे डोक्यात आहे. मंदीत सरकारने खर्च वाढवायचा असतो ना? मग राज्याने उलटं का केलं?

गोदाकाठ:
ऐपतीचा फरक आहे. केंद्र रोखे विकून पैसा उचलतं, त्या वर्षी वित्तीय तूट, म्हणजे उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च, बजेटमध्ये जीडीपीच्या ३.५ टक्के धरली होती ती ९ च्या वर गेली, तरी केंद्राला कोणी अडवलं नाही. राज्याच्या डोक्यावर केंद्राचं जुनं कर्ज असेल तर नवीन काढायला केंद्राला विचारावं लागतं, घटनेचं कलम २९३. तेव्हा राज्यांची कर्जाची मर्यादा राज्याच्या जीडीपीच्या ३ टक्क्यांवरून ५ केली खरी, पण वाढीव २ मधला बराचसा भाग अटी घालून, एक देश एक रेशन कार्ड वगैरे करा मग मिळेल. आणि जीएसटीनंतर राज्याच्या हातात स्वतःचे कर उरले किती, दारू, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, आणि लॉकडाऊनमध्ये नेमकं तेच आटलं. पगार पेन्शन व्याज थांबवता येत नाही, मग कात्री रस्त्यांवर नि पाटबंधाऱ्यांवरच चालणार.

माणदेशी:
भीमथडी भाऊ, त्या २० लाख कोटींतले ८ लाख कोटी रिझर्व्ह बँकेच्या उपायांचे होते आणि ३ लाख कोटी म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी. लोकांच्या हातात पडलेली रोकड फार कमी. मनरेगाला (केंद्राची ग्रामीण रोजगार हमी) जादा ४० हजार कोटी दिले ते मात्र मजुरीत गेले, माझ्या मते सगळ्यात कामाचा खर्च तोच.
आणि आपल्याकडे हे आधी झालंय. ७२ च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला जायची. पुढे १९७५ ला राज्याने रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला, शहरातल्या नोकरदाराकडून घ्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि गावात मजुरी द्यायची. आजही पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ते हेच.

भीमथडी:
१५ वर्षं कापले जातायत, कशाचे ते आज कळलं! मग हा कर वाढवून राज्याला संकटात हात मोकळा करता येणार नाही का?

गोदाकाठ:
नाही ना. वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा घटनेतच आहे, १९८८ पासून तीच. ती संसदच बदलू शकते.