रिमोटचं शटर फक्त संध्याकाळीच परत वर जातं, मोटरचा कंट्रोल बोर्ड खरंच गेलाय का?

चारकोपकर
आमचं चारकोपला रो-हाऊस आहे, खाली गाडीसाठी रिमोटचं शटर बसवून दोन वर्षं झाली. दसऱ्यापासून त्रास सुरू झालाय. संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला गाडी आत घेतो, बटण दाबलं की शटर फूट-दीड फूट खाली येतं, थांबतं आणि परत वर, चार-पाचदा तेच. रात्री जेवून खाली जाऊन बघावं तर एका दमात बंद. सकाळीही काही नाही. रिमोटचा सेल बदलला, तो 12 व्होल्टवाला छोटा, फरक शून्य. सर्व्हिसवाला दुपारी आला, त्याच्यासमोर नीट चाललं तरी म्हणाला बोर्ड गेलाय, साडेसहा हजार. घरी आई एकटी असते, शटर उघडं टाकून वर जायची तिला भीती वाटते आणि चेन ओढायची आता ताकद नाही. पैसे घालू का?

पार्लेकर७७
सेन्सरच्या वायरी काढून एकमेकांना जोडून टाका, विषय संपला. आमच्या दुकानाला तेच केलंय.

शटरवाला_कुर्ला
दादा, हे कृपा करून कोणीच करू नका. लोखंडी पडदा आहे तो, खाली पोर किंवा मांजर आलं तर मोटरला कळणार कसं?
चारकोपकर, बोर्ड बदलायची घाई नको. बोर्ड गेला की तो घड्याळ बघून बिघडत नाही. खाली येताना परत वर जातंय म्हणजे मोटरला वाटतंय मध्ये कोणीतरी आहे. जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन्ही बाजूंना जे छोटे डोळे, म्हणजे सेन्सर, आहेत ना, एक न दिसणारा किरण सोडतो आणि समोरचा तो पकडतो. आधी मऊ कोरड्या कपड्याने दोन्ही काचा पुसा, पावसाळ्यानंतर कोळ्याचं जाळं नाहीतर चिखलाचा थर हमखास असतो. मग पकडणाऱ्या डोळ्यावरचा दिवा बघा, बऱ्याच कंपन्यांमध्ये तो सरळ पेटलेला हवा, लुकलुकत असेल तर गाडीचा किंवा झाडूचा धक्का लागून डोळा तिरका झालाय, स्क्रू थोडा सैल करून समोरासमोर आणा.
पण तुमची वेळ ऐकून मला उन्हाची शंका येते. शटर दक्षिणेकडे तोंड करून आहे का? तसं असेल तर ऑक्टोबरात मावळतीचं ऊन जवळजवळ भिंतीला समांतर आत घुसतं आणि पश्चिमेकडे बघणारा डोळा दिपतो, मग त्याला किरण दिसतच नाही. उद्या त्याच वेळेला त्या डोळ्यावर छत्री धरा, मधल्या किरणाच्या आड न येता, आणि बटण दाबा.

चेंबूरची_ताई
आमचा प्रकार वेगळा होता पण कोणाच्या तरी कामी येईल म्हणून लिहिते. मोटर नुसती घूं घूं करायची, शटर हलायचं नाही. मोटरला सुरू व्हायला जोर देणारा कपॅसिटर गेला होता, इलेक्ट्रिशियनने बदलला. तो स्वतः उघडू नका, मेन बंद केला तरी त्यात करंट साठलेला असतो. आणि एकदा मुलांनी खेळत पंधरा-वीस वेळा वरखाली केलं तेव्हा मोटर तापून बंद पडली, अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली, तोवर मी उगाच मेकॅनिकला फोन करून बसले होते.

शटरवाला_कुर्ला
ताई बरोबर. अजून एक, वरच्या पाईपमधल्या स्प्रिंगला घरच्या माणसाने हात लावायचा नाही, ताणलेली असते, सुटली तर हाड मोडतं. ग्रीसही साईडच्या पट्ट्यांत थापू नका, आपल्याकडची धूळ त्यात चिकटून काळा गोळा होतो, पट्ट्या नुसत्या पुसून घ्या.

चारकोपकर
शटर दक्षिणेकडेच आहे! काल पावणेसहाला आईने छत्री धरली, मी बटण दाबलं, पहिल्याच फटक्यात बंद. छत्री काढली की परत वर. तीनदा करून बघितलं. मग आठवलं, पश्चिमेला शेजाऱ्यांचं बदामाचं झाड होतं ते ऑगस्टच्या वाऱ्यात पडलं, मागच्या वर्षी त्याची सावली असायची. आता कायमचं काय करू?

शटरवाला_कुर्ला
दोन उपाय. पीव्हीसी पाईपचा बोटभर तुकडा त्या डोळ्यापुढे नळकांड्यासारखा बसवा, आतून काळा रंग द्या. नाही जमलं तर दोन्ही डोळ्यांची जागा अदलाबदल करा, म्हणजे पकडणारा पश्चिमेच्या बाजूला येईल आणि ऊन त्याच्या पाठीवर. वायरिंग बदलावं लागतं, तेवढ्यासाठी माणूस बोलवा पण काम हेच सांगा, बोर्डाचं नाव काढू देऊ नका.

चारकोपकर
पाईप लावला, आज छत्रीशिवाय बंद झालं. आईने स्वतः बटण दाबलं.