सुपरकारचा वेग वाढला, पण थरार कुठे गेला?

तापीकाठचा (शिरपूर):

गेल्या महिन्यात घरच्या लग्नासाठी माझे आतेभाऊ सुरतेहून आले, ते स्वतःची नवी सुपरकार घेऊन. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका गाडीविषयी नाही. कोंडाईबारीचा घाट चढून ती आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा अर्धी गल्ली जमली, शेजारच्या आजींनी “हाई गाडी शे का इमान शे?” (इमान म्हणजे विमान) असे विचारून सगळ्यांना हसवले. गतिरोधकावर बटण दाबून गाडीचे नाक वर उचलावे लागते, ही करामत तर पोरांनी चार वेळा करून दाखवायला लावली.

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्यांनी मला मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्यापर्यंत नेले आणि परतताना नरडाण्यापासून स्टिअरिंग माझ्या हाती दिले. शाळेच्या वहीत अशा गाड्यांची चित्रे चिकटवण्याच्या वयापासून मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला, आणि खरे सांगायचे तर हाती फारसे काही लागले नाही. पाय किंचित दाबताच काटा शंभरावर गेला (काटा कसला, पडद्यावरचा आकडा), गिअर केव्हा बदलले ते कळले नाही, रस्त्याचा खडबडीतपणा स्टिअरिंगमधून हाताला जाणवला नाही, आणि चार पदरी रस्त्यावरची ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आली तेव्हा गाडीने अजून आळसही झटकला नव्हता. पाठ सीटला चिकटली ती दोन-तीन सेकंद; त्यानंतर धुळे-शिरपूर रस्त्यावर मी एका फार महाग खुर्चीत बसलेलो होतो, एवढेच.

याउलट घरी वडिलांची आरएक्स १०० मोटरसायकल अजून चालू स्थितीत आहे. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि जेमतेम ११ अश्वशक्ती. पण लळिंगच्या चढावर गिअर एक उतरवून तिला पुन्हा सुरात आणताना जो जीव एकवटतो, त्याच्या पावपटही मला त्या सकाळी अनुभवता आला नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. १९८७ सालच्या फेरारी एफ ४० मध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नव्हते, पॉवर स्टिअरिंग नव्हते, ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा सर्वोही नव्हता, आणि सुमारे ११०० किलो वजनाला ४७८ अश्वशक्ती होती. आज त्याच्या दुप्पट ताकदीच्या गाड्या आहेत आणि त्या माझ्यासारखा नवखाही सहज हाकतो. एफ ४० मी कधी चालवलेली नाही आणि चालवणारही नाही. त्यामुळे जुन्याचे हे कौतुक म्हणजे निव्वळ आठवणींची गोडी आहे, की गाड्यांमधून खरोखरच काहीतरी काढून घेतले गेले आहे, हे मला ठरवता येत नाही.

गॅरेजवाले नाना (धुळे):

काढून घेतले गेले आहे, भाऊ, आणि काय काढले तेही दाखवता येते. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून थ्रॉटलपर्यंत एक तार जात असे. पाय जेवढा दाबाल तेवढी झडप उघडे. आता पेडलखाली सेन्सर असतो. पायाने फक्त अर्ज करायचा, मंजुरी संगणकाची. ब्रेकचे तेच, आणि गिअरचे तर विचारूच नका.

डबल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा आपोआप चालणारा गिअरबॉक्स सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात पुढचा गिअर टाकतो, हे मान्य. पण क्लच आणि गिअर यांचा मेळ बसवण्यात माणसाला जे समाधान होते, त्याची किंमत सेकंदात मोजता येत नाही. फेरारीने १९९७ मध्ये एफ ३५५ ला गिअर बदलायची स्टिअरिंगमागची पाती दिली तेव्हा ती हौस होती. २००९ मध्ये ४५८ आली ती हाताच्या गिअरशिवायच, म्हणजे बारा वर्षांत हौसेची सक्ती झाली. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस या गाड्यांविषयी बोलतो याचे कुणाला हसू आले तर येऊ द्या. यंत्राशी हाताने बोलणे म्हणजे काय, ते ट्रॅक्टरवालाच जास्त जाणतो.

चोपडेकर (सध्या पुणे):

नाना, मी वाहन उद्योगात कॅलिब्रेशनचे काम करते, म्हणजे आपण ज्याला मंजुरी म्हणता ती देणाऱ्या संगणकाला शिकवण्याचे. तेव्हा थोडा बचाव आणि थोडी कबुली, दोन्ही माझ्याकडूनच घ्या.

बचाव असा की यातील बरेचसे बदल कुणा अभियंत्याच्या लहरीने झालेले नाहीत. युरोपीय संघाने २०१४ च्या नियमाने वाहनांच्या आवाजाच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणल्या, आणि २०१८ पासून तिथल्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांनाही एक्झॉस्टमध्ये सूक्ष्म कण अडवणारी गाळणी बसवणे जवळपास भाग पडले. गाळणी आली की आवाजाची धार जाते. त्यातच इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बोचार्जर आला. टर्बोचे चक्र एक्झॉस्टच्या वायूच्याच जोरावर फिरते, त्यामुळे सायलेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच त्या वायूतील ठोक्यांचा बराचसा जोर ते खाऊन टाकते. ४५८ चे ४.५ लिटरचे इंजिन टर्बोविना मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जात असे. २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या ४८८ चे इंजिन ३.९ लिटरचे, टर्बोचे, १०० अश्वशक्तीने अधिक ताकदीचे, पण कमाल ८००० फेऱ्यांचे. आकड्यात गाडी सरस ठरली, पण आवाजात उतरली.

आता कबुली. टर्बो इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांतच भरभरून मिळतो, त्यामुळे वरपर्यंत इंजिन पिळण्याचे कारणच उरत नाही. हे फेरारीलाही ठाऊक होते, म्हणून ४८८ मध्ये खालच्या गिअरांत टॉर्क (चाके फिरवणारा पीळ) मुद्दाम आवरून धरला, जेणेकरून तो फेऱ्यांबरोबर चढत गेल्याचा भास व्हावा. पुढे २९६ मध्ये तर एक्झॉस्टच्या गाळणीपूर्वीच्या भागातून खास नळी काढून तिचा आवाज आत बसलेल्यांपर्यंत आणला. म्हणजे आधी नियमांनी आणि टर्बोने जे नेले ते आम्ही मागच्या दाराने पुन्हा आणतो. मला स्वतःला यात फसवणूक दिसत नाही, कारण तो आवाज इंजिनाचाच असतो. स्पीकरमधून वाजवलेल्या आवाजाबद्दल मात्र मी असे म्हणणार नाही.

स्टिअरिंगबद्दल तापीकाठचा यांचे निरीक्षण अगदी योग्य आहे. द्रवदाबावर चालणाऱ्या जुन्या रचनेत टायरखालचे बारीकसारीक धक्के तेलाच्या दाबातून हातापर्यंत येत. विजेच्या मोटरच्या स्टिअरिंगमध्ये त्यातले किती येऊ द्यायचे हे आम्ही ठरवतो, आणि बहुतेक वेळा ग्राहकाला सौम्य हवे म्हणून कमीच येऊ देतो. मॅक्लारेनने ७५० एस आणि आर्टुरा या गाड्यांत द्रवदाबाचे स्टिअरिंग टिकवले आहे ते याच कारणाने. म्हणजे तंत्रज्ञान आले की अनुभूती जातेच, असा नियम नाही. कुणीतरी ती टिकवण्यासाठी पैसे आणि वेळ खर्च करावा लागतो.

आणि वजन. लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो १०१५ अश्वशक्तीची आहे, पण इंधन न भरताच १७७२ किलोंची. बॅटरी आणि तीन विद्युत मोटारी कुठेतरी मावायच्याच. एवढे वजन वळणावर चपळ वाटावे यासाठी संगणकाला क्षणोक्षणी चारही चाकांवर लक्ष ठेवावे लागते. गाडी मग खरोखर चपळ होते, पण ती चपळाई तुमची राहत नाही.

शहाद्याचा डॉक्टर:

वरील सर्व चर्चा आवडली, परंतु एका गोष्टीकडे आपण सोयीस्कर दुर्लक्ष करत आहोत. ज्याला थरार म्हटले जाते त्यातला बराच भाग साध्या भीतीचा होता, आणि ती भीती निराधार नव्हती. पोर्शची करेरा जीटी ही ५.७ लिटरच्या, दहा सिलिंडरच्या व्ही १० इंजिनाची, हाताच्या गिअरची आणि गाडी घसरू लागल्यास सावरणारे स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली गाडी आज रसिकांच्या यादीत फार वर असते. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर यांचा मृत्यू याच गाडीच्या अपघातात झाला; ते शेजारच्या सीटवर होते. तपासात वेग बेसुमार असल्याचे आणि टायर नऊ वर्षांचे जुने असल्याचे नमूद झाले, म्हणजे दोष गाडीला दिला गेला नाही, हे खरे. पण चूक झाल्यावर सावरून घेणारे त्या गाडीत फारसे काही नव्हते, हेही तितकेच खरे. महामार्गावरून रात्री-अपरात्री रुग्णालयात आणली जाणारी माणसे पाहिल्यावर मला एबीएस नसण्यात काव्य दिसत नाही.

मात्र नानांच्या बाजूनेही एक सांगतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडे पाहायला मी दर वर्षी जातो. तापीच्या काठावर मारवाडी, काठेवाडी, नुकरा असे घोडे उभे असतात, आणि तिथला खरा गिऱ्हाईक घोडा किती पळतो हे विचारत नाही. तो चाल पाहतो, कान पाहतो, लगामाला तोंड कसे देतो ते पाहतो. घोड्यावर बसून कामावर जाण्याचे दिवस संपून कित्येक पिढ्या झाल्या, तरी चालीची किंमत वाढतेच आहे. सुपरकारचे पुढे असेच होईल, असा माझा अंदाज आहे.

चोपडेकर (सध्या पुणे):

डॉक्टरसाहेब, ते होऊ लागलेच आहे. विजेवर चालणाऱ्या रिमॅक नेव्हेराला चार मोटारी आणि १९१४ अश्वशक्ती आहे, आणि ती दोन सेकंदांच्या आत शंभरावर जाते. तरीही २०२४ मध्ये कंपनीचे संस्थापक खुद्द माटे रिमॅक यांनी जाहीरपणे मान्य केले की अतिश्रीमंत ग्राहक विजेच्या हायपरकारपेक्षा यांत्रिक गाड्यांकडे वळत आहेत. स्मार्ट घड्याळ सगळे काही करते, पण लोक लाखो मोजतात ते स्विस घड्याळासाठी, अशा अर्थाची तुलना त्यांनी केली होती. त्याच वर्षी त्यांच्याच अखत्यारीतील बुगाटीने टूर्बियाँ दाखवली, तिला ८.३ लिटरचे व्ही १६ इंजिन आणि स्विस घड्याळजींच्या हातचे काट्यांचे मीटर. दुसरे उदाहरण गॉर्डन मरे यांचे. १९९२ ची मॅक्लारेन एफ १ घडवणाऱ्या या माणसाने २०२० मध्ये टी ५० सादर केली: टर्बोविना व्ही १२, १२,१०० फेऱ्या, हाताचा गिअर, वजन एक टनाच्या आत, आणि एकूण गाड्या केवळ १००.

खान्देशी, स्टुटगार्टहून:

मूळचा अमळनेरचा, गेली अकरा वर्षे जर्मनीत. येथे ऑटोबान या महामार्गांच्या काही भागांवर वेगमर्यादा नाही, त्यामुळे तापीकाठचा यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे. ताशी २५० च्या वर आधुनिक गाडीत थरार नाही असे कुणी म्हणाले तर तो माणूस तिथवर गेलेला नाही. त्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास ७० मीटर कापते. दूरवर एखादा मालट्रक पदर बदलतो की काय, एवढ्याच विचाराने तळहात ओले होतात. तिथे संगणकाचे आभारच मानावेसे वाटतात. अडचण एवढीच की या गाड्यांची जागृतावस्था आता तिथून सुरू होते, आणि नरडाणा ते शिरपूर रस्त्यावर तिथवर जाता येत नाही, जाऊही नये. भारतात तशी जागा म्हणजे इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार चाचणी मार्ग, जो २०२१ मध्ये खुला झाला. ताशी ३०० ने त्याची एक फेरी सव्वादोन मिनिटांत होते. शिरपूरहून तो तसा फार लांब नाही, पण तो मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, तुमच्याआमच्यासाठी नाही.

मी मात्र खरा धडा न्यूरबुर्गरिंग या इथल्या शर्यतीच्या मार्गावर शिकलो. तिथला नॉर्डश्लायफे हा २०.८ किलोमीटरचा जुना मार्ग तिकीट काढून सामान्य माणसालाही चालवता येतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा भाड्याच्या गाड्यांत चक्क सुझुकी स्विफ्ट होती. आपल्याकडे ज्या गाडीतून लोक लग्नाला जातात, ती. मी तीच घेतली, कारण तेवढेच परवडत होते. त्या फेरीत मी प्रत्येक वळणाला गाडीच्या क्षमतेच्या काठावर होतो, टायर कुरकुरत होते, आणि वेग मात्र एखाद्या पोर्शवाल्याला हसू यावे एवढाच. दोन वर्षांनी एका मित्राच्या ५०० अश्वशक्तीच्या गाडीतून तीच फेरी मारली. वेळ कितीतरी कमी लागला, पण ती गाडी माझ्या चुका इतक्या शांतपणे पोटात घालत होती की फेरी संपल्यावर मला स्वतःची एकही चूक आठवेना. स्विफ्टमधल्या सगळ्या आठवतात.

म्हणून नानांशी मी अर्धाच सहमत आहे. तार गेली, सेन्सर आला, हे कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण म्हणजे गाडीची कुवत आणि रस्त्याने दिलेली मुभा यांच्यातले अंतर. एफ ४० च्या काळातही ते होते, आज ते कित्येक पटींनी वाढले आहे.

गॅरेजवाले नाना (धुळे):

अर्धा तर अर्धा. स्विफ्टमध्येही क्लच तुमच्याच पायाखाली होता ना, की तोही संगणकाच्या?

तापीकाठचा (शिरपूर):

सर्वांचे मनापासून आभार. चोपडेकर ताईंनी आवाजाबद्दल लिहिले ते वाचून आतेभावांना फोन केला. त्यांच्या गाडीतही आवाज आत आणणारी काही सोय आहे का, हे त्यांनाच ठाऊक नव्हते, आता ते पुस्तिका काढून बसले आहेत. डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटते, आणि माझ्या आरएक्स १०० चे पुढचे ब्रेक ड्रमचे आहेत, हे मी त्या कौतुकाच्या भरात लिहायचे टाळले होते, तेही येथे कबूल करतो.

खान्देशी भाऊंनी अंतराचा जो मुद्दा मांडला त्याने मात्र माझा निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा नानांच्या शेवटच्या वाक्यात अडकला आहे. आतेभाऊ दत्तजयंतीला पुन्हा येणार आहेत. त्यांच्याकडे घरी एक जुनी, हाताच्या गिअरची, अगदी साधी छोटी गाडीही पडून आहे. या वेळी सुपरकार सुरतेलाच ठेवून ती आणा, असे त्यांना सांगितले आहे. चरणमाळच्या घाटात दोघे आळीपाळीने चालवू आणि परत आलो की येथे लिहीन.