२५ गिगाबिटचे ऑप्टिकल पोर्ट १० आणि १ गिगाबिटवर चालवण्याबाबत

प्रश्न : जाळेविणकर

नमस्कार. आमच्याकडे एक नवा राउटर बसवायचा आहे. त्यावर एसएफपी२८ (काढता-घालता येणाऱ्या ऑप्टिकल मॉड्यूलचा एक प्रकार) प्रकारचे २५ गिगाबिटचे २४ पोर्ट आणि क्यूएसएफपी२८ प्रकारचे १०० गिगाबिटचे चार पोर्ट आहेत. समोरची उपकरणे मात्र जुनी असून ती लगेच बदलता येणार नाहीत. बहुतेक लिंक सिंगल-मोड फायबरवर १०जीबेस-एलआर (१० गिगाबिट, लांब पल्ला) प्रकारच्या आहेत आणि दोन ठिकाणी अजूनही १०००बेस-एलएक्स, म्हणजे १ गिगाबिटच आहे.

चाचणीसाठी एका पोर्टमध्ये १० गिगाबिटचे मॉड्यूल घालून फायबर जोडले. दोन्ही बाजूंना येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे ५ डीबीएमच्या (प्रकाशाची शक्ती मोजण्याचे एकक) आसपास दिसते, तरीही लिंक येत नाही. पोर्टचा वेग १० गिगाबिट करण्याचा आदेश दिला, तेव्हा शेजारच्या तीन पोर्टांचाही वेग बदलेल अशी सूचना दाखवून राउटरने संमती मागितली. त्या तीनपैकी एका पोर्टवर २५ गिगाबिटची लिंक चालू असल्याने मी तिथेच थांबलो. प्रकाश व्यवस्थित पोहोचत असताना लिंक का येत नाही, एका पोर्टसाठी चार पोर्ट का बदलावे लागतात आणि १ गिगाबिटच्या दोन लिंकचे काय करावे, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर : तरंगलांबी

संमती देण्याआधी थांबलात हे योग्यच केलेत. संमती दिली असती तर ती चालू लिंक तुटली असती.

प्रथम प्रकाशाबद्दल. मॉड्यूल जी पातळी दाखवते ती प्रकाशाची सरासरी शक्ती असते. त्या प्रकाशात बिट कोणत्या वेगाने येत आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. १०जीबेस-एलआरच्या रिसीव्हरला (प्रकाश ग्रहण करणाऱ्या भागाला) उणे १४.४ ते ०.५ डीबीएम एवढी पातळी चालते, तेव्हा तुमचे फायबर आणि मॉड्यूल याबाबतीत ठीक आहेत. अडचण अशी आहे की १० गिगाबिटच्या लिंकवर प्रत्यक्षात सेकंदाला १०.३१२५ अब्ज बिट धावतात आणि २५ गिगाबिटवर २५.७८१२५ अब्ज. तुमचा पोर्ट २५ वर ठेवलेला असताना त्याची चिप समोरून येणारा १० चा प्रवाह वाचूच शकत नाही, आणि समोरच्या उपकरणाचीही तीच गत होते.

तांब्याच्या केबलची सवय असलेल्यांना वाटते की दोन्ही टोके आपसात बोलून वेग ठरवतील. फायबरवर तसे होत नाही. १०जीबेस-एलआरमध्ये वाटाघाटीची सोयच नाही. १०००बेस-एलएक्समध्ये ती आहे, पण तिथेही डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी पाठवणे) आणि पॉझ (थोडे थांबण्याची विनंती) यांसारख्याच गोष्टी ठरतात, वेग नाही. काही राउटर मॉड्यूल ओळखून वेग आपोआप बदलतात, पण तो त्या राउटरच्या सॉफ्टवेअरचा निर्णय असतो आणि समोरच्या टोकाला त्याची काहीही खबर नसते.

आता चार पोर्टांचा गट. चिपमधील सिरीयल लेन (बिट वाहून नेणाऱ्या वाटा) बहुधा चारचारच्या गटात असतात आणि गटातील लेन वेळेचा ठोका देणारी मंडले आपसात वाटून घेतात. २५.७८१२५ ला १०.३१२५ ने भागले तर २.५ येतात, म्हणजे एका वेगाच्या ठोक्याला पूर्णांकाने भागून दुसरा वेग मिळवता येत नाही. मंडलांची संख्या मर्यादित असलेल्या रचनेत म्हणूनच संपूर्ण गटाला एकच वेग दिला जातो. काही चिपमध्ये प्रत्येक लेनला स्वतंत्र वेग देता येतो, पण तुमच्या राउटरने दाखवलेली सूचना पाहता तो त्या प्रकारातला नाही. त्यामुळे पोर्ट वाटण्याआधी कागदावर गट आखावेत. १० गिगाबिटच्या लिंक शक्य तितक्या कमी गटांत दाटीने बसवाव्यात आणि २५ साठी पूर्ण गट मोकळे सोडावेत. आज जिथे जागा दिसेल तिथे १० ची मॉड्यूल घातली, तर पुढे २५ गिगाबिटची उपकरणे येतील तेव्हा सहाही गट अडकलेले असतील आणि ते सोडवण्यासाठी चालू लिंक हलवाव्या लागतील.

एक गोष्ट लक्षात ठेवावी : २५जीबेस-एलआर आणि एसआर (कमी पल्ल्याचा) या दोन्ही प्रकारांत आरएस-एफईसी ही चूकदुरुस्ती लागते, १०जीबेस-एलआरमध्ये ती नसते. पोर्टवर एफईसी हाताने लिहून ठेवली असेल तर वेग उतरवताना तीही काढावी.

उत्तर : शांतसिग्नल

१ गिगाबिटबद्दल लिहितो, कारण तिथे खरी मेख आहे.

एसएफपी, एसएफपी+ आणि एसएफपी२८ ही मॉड्यूल आकाराने एकसारखी असल्यामुळे १ गिगाबिटचे मॉड्यूल तुमच्या पोर्टमध्ये सहज बसेल. पण १ गिगाबिटच्या लिंकवर बिटांची मांडणी वेगळी आहे. तिथे ८बी/१०बी (८ बिट १० बिटांच्या रूपात पाठवणारे) संकेतन आणि १.२५ अब्जांचा वेग असतो, तर १० आणि २५ गिगाबिटवर ६४बी/६६बी. चिपमध्ये हे जुने संकेतन ठेवलेले नसेल, तर कोणत्याही आदेशाने ते आणता येत नाही. म्हणून राउटरच्या हार्डवेअर पुस्तिकेत त्या पोर्टासमोर १ गिगाबिट स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहावे. १०जीबेस-एलआर आणि १०००बेस-एलएक्स दोन्ही १३१० नॅनोमीटरवर चालतात, म्हणून १० चे मॉड्यूल १ वर चालेल असेही धरू नये. दोन्ही वेग पेलणारी मॉड्यूल मिळतात, पण ती तशी जाहीर केलेली असतात.

पोर्ट १ गिगाबिट पेलत असेल तर दोन्ही टोकांना ऑटो-निगोशिएशन (वर आलेली वाटाघाटी) सारखेच ठेवावे, आणि शक्यतो चालू ठेवावे. एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असेल तर बहुधा एक बाजू लिंक आली म्हणते आणि दुसरी नाही म्हणते. दोन्हीकडे बंद असेल तर जोडीतील एकच फायबर तुटल्यावर त्याचा प्रकाश जिला मिळायला हवा ती बाजू लिंक पडल्याचे दाखवते, पण दुसरी बाजू सुस्थितीत असल्यासारखी रहदारी पाठवत राहते. १० गिगाबिटमध्ये यासाठी वेगळा दोषसंकेत आहे, १ गिगाबिटमध्ये ते काम ऑटो-निगोशिएशन करते.

पोर्ट १ गिगाबिट पेलतच नसेल, तर मध्ये एक लहान स्विच ठेवावा : त्याच्या १ गिगाबिटच्या पोर्टांवर या दोन लिंक आणि वर राउटरकडे १० गिगाबिटची एक लिंक. मात्र त्याचे दोन परिणाम ओळखून असावे. राउटर १० च्या वेगाने झोत सोडेल आणि स्विचचा छोटा बफर भरून पॅकेट गळतील, म्हणून राउटरवर प्रत्येक व्हीलॅनच्या (एकाच लिंकवरील वेगळ्या आभासी जाळ्याच्या) उप-इंटरफेसला १ गिगाबिटपेक्षा थोडा कमी शेपर (पाठवण्याचा वेग मर्यादित ठेवणारी सोय) लावावा. शिवाय दूरची लिंक पडली तरी राउटरचा पोर्ट चालूच राहील. राउटिंग प्रोटोकॉलला ते पटकन कळावे म्हणून त्या लिंकवर बीएफडी (लिंक तुटल्याचे झटपट ओळखणारा प्रोटोकॉल) चालवावे.

जाळेविणकर

दोघांचेही आभार. पुस्तिकेत एसएफपी२८ पोर्टांसमोर २५ आणि १० एवढेच वेग दिलेले आहेत, त्यामुळे मधल्या स्विचचाच मार्ग घ्यावा लागेल. क्यूएसएफपी२८चे दोन पोर्ट रिकामे आहेत. १० गिगाबिटच्या काही लिंक तिकडे हलवल्या, तर २५ चे गट मोकळे राहतील का?

उत्तर : तरंगलांबी

राहतील, आणि माझ्या मते तुमच्या स्थितीत हाच चांगला मार्ग आहे. त्या पोर्टमध्ये चार लेन असतात आणि पोर्ट फोडून चार स्वतंत्र १० गिगाबिटचे इंटरफेस करता येतात. त्यासाठी समांतर फायबरचे मॉड्यूल हवे. १००जीबेस-एलआर४ उपयोगाचे नाही, कारण ते चार तरंगलांबी एकाच फायबरमध्ये एकत्र करून पाठवते आणि त्या लेन बाहेर वेगळ्या करता येत नाहीत. तुम्हाला सिंगल-मोडवर चालणारे, चार वेळा १० गिगाबिट एलआर असे वर्णन असलेले क्यूएसएफपी+ मॉड्यूल लागेल. त्यासोबत एका टोकाला एमपीओ (अनेक तंतूंचा कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला एलसीच्या (एका तंतूच्या कनेक्टरच्या) चार जोड्या असलेली ब्रेकआउट केबल लागेल. बारा तंतूंच्या एमपीओतील आठच तंतू वापरले जातात. एकच लिंक हवी असेल तर क्यूएसएफपीमध्ये एसएफपी+ बसवणारा अडॅप्टरही चालतो, पण मग उरलेल्या तीन लेन वाया जातात.

आदेश देण्यापूर्वी दोन गोष्टी पुस्तिकेत तपासा. काही राउटरवर एक पोर्ट फोडल्यावर शेजारचा पोर्ट बंद होतो, आणि काहींवर या बदलासाठी संपूर्ण कार्ड पुन्हा सुरू होते. शिवाय पोर्ट फोडल्यावर इंटरफेसचे नाव बदलते आणि जुन्या नावाखाली लिहिलेले पत्ते, फिल्टर आणि देखरेखीची नोंद मागेच राहते. त्यामुळे हा बदल ठरवलेल्या बंद काळातच करावा.

उत्तर : मोजमापी

वर न आलेली एकच बाब जोडतो. ओएसपीएफ (मार्ग निवडणारा राउटिंग प्रोटोकॉल) वापरत असाल तर संदर्भ बँडविड्थ (जिला लिंकच्या वेगाने भागून मार्गाची किंमत काढतात) पाहा. ती अनेक राउटरवर मुळात १०० मेगाबिट असते आणि त्यामुळे १, १० व २५ गिगाबिट या तिन्हींची किंमत सारखीच १ निघते. ती १०० गिगाबिट केली तर या किमती अनुक्रमे १००, १० आणि ४ होतात. बदल सर्व राउटरवर एकाच वेळी करावा. मधल्या स्विचमागच्या दोन लिंकची किंमत मात्र हाताने १०० लिहावी, कारण राउटरला तिथे १० गिगाबिटचाच पोर्ट दिसणार आहे.