अलीकडच्या थांब्यावर तासाहून अधिक उशीर, शेवटच्या स्थानकावर मात्र गाडी ‘वेळेत’: हे गणित कसे जुळते?

वाटसरू:
नमस्कार. गेल्या महिन्यात आई-वडिलांसह एका लांब पल्ल्याच्या गाडीने रात्रभराचा प्रवास केला. आम्हांला शेवटच्या स्थानकाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरायचे होते आणि तेथे गाडी १ तास १० मिनिटे उशिरा पोहोचली. गावाकडची सकाळची एस.टी. अर्थातच निघून गेली होती आणि पुढची थेट दुपारी होती, म्हणून फलाटावरच बाकावर बसून दशम्या सोडल्या. तेवढ्यात सहज मोबाइलवर पाहिले, तर तीच गाडी शेवटच्या स्थानकावर केवळ १२ मिनिटे उशिरा पोहोचल्याची नोंद होती. या दोन स्थानकांमधील अंतर ३५ किलोमीटर आहे. वेळापत्रकात त्यासाठी १ तास ३५ मिनिटे दिली आहेत आणि गाडीने ते ३७ मिनिटांत कापले. लोको पायलटने वेग वाढवला, एवढेच याचे उत्तर आहे का? आणि अशी गाडी दफ्तरी ‘वेळेत’ धरली जाते का?

लालकंदील:
मी गार्ड म्हणून निवृत्त झालो (आता या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात), त्यामुळे थोडे सांगू शकतो. लोको पायलटला मनाप्रमाणे वेग वाढवता येत नाही. त्या मार्गाची कमाल वेगमर्यादा आणि हातात दिलेली कॉशन ऑर्डर (वाटेतल्या तात्पुरत्या वेगनिर्बंधांची लेखी सूचना) यांच्या आतच त्याला गाडी चालवावी लागते. तुमची ५८ मिनिटे वेगाने भरून निघालेली नाहीत, ती वेळापत्रकात आधीच राखून ठेवलेली होती. रुळांच्या कामांमुळे घातलेले वेगनिर्बंध आणि दुसऱ्या गाड्यांसाठी थांबणे यांकरिता प्रत्यक्ष धावण्याच्या वेळेवर काही मिनिटे वाढवून देणे रास्तच आहे. मात्र ही मिनिटे वाटेत विखुरण्याऐवजी शेवटच्या टप्प्यात साठवली की मधल्या स्थानकांवरचा उशीर कायम राहतो आणि अखेरच्या स्थानकावर तो विरघळून जातो. खात्री करायची असेल, तर त्याच गाडीच्या परतीच्या फेरीत त्याच ३५ किलोमीटरला किती वेळ दिला आहे ते पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. आपल्याकडे मेल-एक्सप्रेस गाडीचा वक्तशीरपणा अखेरच्या स्थानकावर मोजण्याची पद्धत आहे आणि तेथे १५ मिनिटांपर्यंतचा उशीर माफ असतो. २०२२ साली संसदेत मांडलेल्या कॅगच्या (महालेखापरीक्षकांच्या) अहवालात या सवलतीची चर्चा आहे. ती सवलत धरूनही मेल-एक्सप्रेस गाड्यांचे वक्तशीरपणाचे प्रमाण २०१२-१३ मधील ७९ टक्क्यांवरून २०१८-१९ मध्ये ६९.२३ टक्क्यांवर घसरले, असे त्यात नमूद आहे.

सह्यपायथा:
वेळापत्रकातील मोकळीक हा शेवटचा टप्पा झाला. मुळात गाडी रखडते कशी, हेही पाहायला हवे. कोकण रेल्वेचा मार्ग घ्या. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण खुला झाला, परंतु २०२१ मध्ये दुहेरी झालेला रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा वगळता तो बहुतांशी एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी एकीला स्थानकातील बाजूच्या रुळावर (लूप लाइनवर) जावे लागते. आडस्थानकावर गाडी सावकाश आत शिरते, थांबते, डब्यातली कुजबुजही ऐकू येईल इतकी शांतता पसरते, समोरची गाडी धडधडत निघून जाते आणि मग कोठे सिग्नल मिळतो. यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. एखाद्या गाडीची ठरलेली क्रॉसिंगची वेळ एकदा चुकली की तिला दर स्थानकावर इतरांची वाट पाहावी लागते. वीस मिनिटांचा उशीर तासावर जातो तो असा.

याच मार्गावर पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक असते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर असे होते. जून २००३ मधील वैभववाडीजवळचा आणि जून २००४ मधील करंजाडीजवळचा अपघात, दोन्ही दरडीमुळे झाले. त्यानंतर पावसाळ्यातील वेगाबाबत अधिक खबरदारी घेतली जाऊ लागली. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरनेच जाण्याची सूचना असते. वाढीव वेळ उघडपणे छापून दिलेला असल्यामुळे या संथपणाबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या दोन स्थानकांत दडवलेल्या मिनिटांबद्दल.

नेकारकाठी:
श्टुटगार्टमध्ये राहत असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो. जर्मन रेल्वे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झालेला थांबा वेळेत धरते, आणि ही मोजणी अखेरच्या स्थानकापुरती नसून वाटेतल्या थांब्यांवरही होते. या मापाने २०२४ मध्ये तेथील लांब पल्ल्याच्या गाड्यांचा वक्तशीरपणा ६२.५ टक्के भरला. जर्मन शिस्तीच्या कथा ऐकून आलेले पाहुणे हा आकडा ऐकून चकित होतात. मात्र येथेही एक गोम आहे: रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात धरल्याच जात नाहीत. त्यामुळे आपल्याकडचे ६९ आणि येथले ६२ शेजारी ठेवून कोणता देश पुढे, हे ठरवण्यात अर्थ नाही.

लालकंदील:
एक उपयुक्त माहिती द्यायची राहिली. चुकलेल्या एस.टी.वर इलाज नाही. पण पुढचा प्रवास दुसऱ्या रेल्वेगाडीने असेल, तर एप्रिल २०१९ पासून दोन्ही तिकिटांचे पीएनआर जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्दीकरण शुल्क न कापता परत मिळू शकतात. दोन्ही तिकिटांवरील प्रवाशांचा तपशील मात्र एकच असावा लागतो.

वाटसरू:
सर्वांचे आभार. परतीच्या फेरीचे वेळापत्रक आताच पाहिले: त्याच ३५ किलोमीटरला ४१ मिनिटे दिली आहेत. दिवाळीला पुन्हा याच गाडीने जायचे आहे, तेव्हा दुपारची एस.टी. धरूनच निघू आणि दशम्या दोन जास्तीच्या घेऊ.